गोल डोळ्यांच्या मुली

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी ती तिसऱ्या मजल्यावरच्या माश्यांच्या खोलीत कुप्या आपटत उभी होती. काचेची कुपी उचलायची, रबराच्या तुकड्यावर दोनदा आपटायची, आतल्या माश्या तळाला पडल्या की कापसाचा बोळा काढून ती ताज्या खाद्याच्या कुपीवर उपडी धरायची, पुन्हा आपटायची आणि दोन्हींना बोळे लावायचे. मग पुढची. लॅबमध्ये फळमाश्यांचे सहाशेच्या वर वाण होते. कुपी वेळेवर बदलली नाही, तर खाद्याला बुरशी येते आणि तो वाण संपतो. भिंतीवर चिकटवलेल्या कागदाप्रमाणे हे काम पाळीपाळीनं सगळ्यांचं होतं. प्रत्यक्षात तीन वर्षं ते तिचं एकटीचं होतं, कारण सुरुवातीला तिला 'नाही' म्हणता आलं नव्हतं आणि नंतर कोणी विचारलंच नव्हतं.

खोलीत मक्याच्या पिठाचा, यीस्टचा आणि आंबलेल्या फळांचा वास कायम असे. तो कपड्यांना बसे. घरी आत्या तिचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायला लावी.

"पाच वर्षं पोरगी कॉलेजात जाऊन माश्या मारते," आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

"मारत नाही गं, जगवते."

"मग त्यात शिकायचं काय? आमच्याकडे आपोआप जगतात."

घरात एकूणच तिच्या कामाचं कोणाला काही कळत नव्हतं, फक्त ते अजून संपलेलं नाही, एवढं कळत होतं.

त्या सकाळी हात नेहमीच्या वेगानं चालत होते, पण लक्ष कुप्यांत नव्हतं. आदल्या संध्याकाळी सरांचा, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांचा, मेल आला होता. 'उद्या दहा वाजता मीटिंग. विषय : स्टॉकमधली भेसळ. सर्वांनी यावं.' सर्वांनी म्हणजे तिनं. स्टॉक, म्हणजे हे सगळे वाण, सांभाळणारी ती एकटी होती, त्यामुळे भेसळ हा शब्द कोणासाठी आहे हे लॅबमधल्या नवशिक्यालाही समजलं असतं.

विभागात तिला 'सप्टेंबर' म्हणत. तीन वर्षांपूर्वी संस्थेनं कॅलेंडर छापलं होतं. वर 'विज्ञान सर्वांचं' अशी ओळ, आत बारा पानं आणि बारा चेहरे. तिच्या समाजातून या विभागात पीएचडीला आलेली ती पहिली, म्हणून सप्टेंबरच्या पानावर तिला घेतलं. अंगात दुसऱ्या कोणाचा तरी पांढरा कोट, हातात निळ्या पाण्याचं काचेचं भांडं. ते निळं पाणी छायाचित्रकारानं शाई घालून केलं होतं. माश्यांच्या लॅबमध्ये निळं पाणी कशालाच लागत नाही. पण फोटो छान आला आणि नाव चिकटलं. जूनमध्येही ती सप्टेंबरच. "सप्टेंबर, आज केस विंचरलेस, शूटिंग आहे का?" "सप्टेंबर, जरा बाजूला हो, आम्हालाही इतिहासात येऊ दे." पहिल्या वर्षी ती हसायची. मग तिनं हसणं सोडलं. तेव्हापासून हिच्या नाकावर माशी बसत नाही, असं म्हणायला लोक मोकळे झाले.

तिचे वडील खिडक्यांना काचा बसवतात. त्यांच्या दुकानात ते कॅलेंडर काचेखाली चौकट करून लावलेलं आहे, तीन वर्षं सप्टेंबरवरच. तिनं दोनदा काढायला सांगितलं. "गिऱ्हाइकं विचारतात गं, कोण म्हणून," ते म्हणाले. विषय संपला.

आता त्या मीटिंगच्या मुळाशी काय होतं, ते सांगायला हवं.

लॅबमध्ये माश्यांचा एक वाण होता. धक्का बसला की त्या माश्या उताण्या पडायच्या, पाय झाडायच्या आणि मिनिटभरानं उठायच्या. झटक्यांच्या आजाराचा अभ्यास करायला असा वाण वापरतात. दुसऱ्या वर्षी एका सकाळी कुप्या बदलताना तिनं त्या वाणाची कुपी आपटली आणि तीन-चार माश्या न पडता तुरुतुरु काच चढून गेल्या. दुसऱ्या कोणीही चिठ्ठीची अदलाबदल झाली असेल म्हणून ती कुपी फेकून दिली असती. तिनं त्या माश्या बाजूला काढल्या आणि वाढवल्या. ज्या गुणसूत्रावर न पडण्याचा तो बदल झाला होता, त्याच गुणसूत्रावर आठ महिने खपून तिनं डोळ्यांची एक खूण आणून ठेवली. साध्या माशीचा डोळा गोल असतो. या नव्या वाणातल्या नराचा डोळा अरुंद असतो, दाराच्या फटीसारखा. त्याच्या मुलींचा डोळा कडेला खाच पडलेला, चवळीच्या दाण्यासारखा. एक-दोन मुलींचा नव्हे, प्रत्येक मुलीचा. खूण आहे तिथे न पडण्याचा गुणही आहे. डोळा बघावा आणि ओळखावं.

इथवरचं सगळं तिनं केलं. मग सरांनी ते काम युवराजकडे दिलं.

युवराज हे त्याचं नाव नव्हे, पण लॅबमध्ये गादी कोणाची हे ठरलेलं होतं. त्याचे वडील सरांचे वर्गमित्र. तो सरांना सर म्हणायचा, पण सरांच्या घरी त्यांना काका म्हणायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माणूस हुशार होता, बोलायला गोड होता आणि अकराच्या आत त्याला कोणी पाहिलं नव्हतं. नेमकं जनुक कोणतं, हे त्यानं नमुने बाहेर पाठवून शोधून आणलं. पेपर लिहिला गेला. पहिलं नाव त्याचं, दुसरं तिचं. आयत्या बिळावर नागोबा, असं ती आत्याजवळ म्हणाली होती. सरांजवळ तिनं फक्त कारण विचारलं.

"सापडणं आणि शोधणं यात फरक असतो," सर म्हणाले होते. "तुला सापडलं. त्यानं शोधलं."

विभागाचा नियम साधा होता. ज्याच्या नावावर पहिल्या नावाचा एकही पेपर नाही, त्याला प्रबंध सादर करता येत नाही. युवराजकडे असा एक पेपर आधीच होता. तिच्याकडे नव्हता, पाचवं वर्ष चालू होतं आणि तिची राखीव शिष्यवृत्ती पाच वर्षांचीच होती. दुसरं नाव म्हणजे पाच वर्षं माश्या मारल्या, हे आत्याचं म्हणणं अधिकृतरीत्या खरं.

पेपरच्या परीक्षकांनी एक मागणी केली. नव्या वाणाचे नर आणि पडणाऱ्या वाणाच्या माद्या घेऊन नव्यानं संकर करा, प्रयोग पुन्हा करा, आकडे पाठवा. युवराजनं त्यासाठी एक यंत्र जुळवलं. मोटर दहा कुप्यांना एकदम धक्का देते, कॅमेरा चित्र घेतो, किती माश्या पडल्या ते संगणक मोजतो. परवा आकडे आले. न पडायला हव्यात अशा मुलींमधल्याच बहुतेक पडल्या होत्या. शोधच नाहीसा झाला होता.

त्यावरून कालचा मेल.

शेवटची फळी संपल्यावर तिनं हात धुतले आणि हिरव्या चिकटपट्टीची, कुप्या ठेवायची जाळी खाली काढली. हिरवा रंग युवराजचा. संकर केलेल्या जोड्या त्याच कुप्यांत होत्या आणि त्यांची उरलेली पिल्लं अजून बाहेर पडत होती. तिनं पहिल्या कुपीत कार्बन डायऑक्साइडची नळी घातली. गुंगलेल्या माश्या सच्छिद्र पाटीवर ओतल्या, बारीक कुंचल्यानं नर एकीकडे सारले, माद्या एकीकडे, आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला.

निम्म्याहून जास्त माद्यांचे डोळे गोल होते. पूर्ण गोल, लालभडक, कुठे खाच नाही.

तिनं दुसरी कुपी पाहिली. तिसरी. मग सगळ्या.

या मुली त्या बापाच्या नव्हत्याच. माशीची मादी जन्मल्यावर साधारण आठ तास नराला जवळ येऊ देत नाही. तेवढ्यात तिला उचलून वेगळी ठेवावी लागते, कारण एकदा गाठ पडली की त्या नराचं बीज ती कितीतरी दिवस पोटात साठवते. मग तिच्यासमोर कोणताही नवरा ठेवा, मुलं पहिल्याचीही होतात. म्हणून ज्यांना माद्या हव्यात, ते संध्याकाळी बाटल्यांतल्या मोठ्या माश्या काढून टाकतात, कोष उरलेल्या बाटल्या थंड कपाटात ठेवतात आणि पहाटे येऊन रात्रीत जन्मलेल्या माद्या गोळा करतात. थंडीत सगळं मंदावतं, आठ तासांचे जास्त होतात. युवराजच्या बाटल्या तीन आठवड्यांपूर्वी रात्रभर उबदार खोलीतच होत्या. सकाळी कुप्या बदलताना तिनं त्या पाहिल्या होत्या. त्याचं तो बघेल, असं म्हणून ती पुढच्या फळीकडे वळली होती.

कॅमेऱ्याला पडलेली माशी दिसते. तिच्या डोळ्याचा आकार दिसत नाही. आणि युवराजनं त्या पिल्लांकडे मायक्रोस्कोपखाली एकदाही पाहिलं नव्हतं, कारण मोजायला यंत्र होतं.

तिनं जाळी खोक्यात ठेवली आणि खोकं घेऊन मीटिंगला गेली.

"बसा. वेळ घालवत नाही," सर म्हणाले. "कितीतरी महिन्यांचं काम पाण्यात गेलंय. कुठे माशी शिंकली ते शोधायचंय."

कोणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी विनोद केला नव्हता. हसणाऱ्यानं तोंड मिटलं.

युवराजनं पडद्यावर आकडे दाखवले. "दोनच शक्यता आहेत. एक तर मूळ निष्कर्ष चुकीचा होता. किंवा वाण भेसळला. कुप्या बदलताना दोन माश्या इकडच्या तिकडे गेल्या की संपलं. मी कोणावर आरोप करत नाहीये."

"कुप्या कोण बदलतं?" सरांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"सप्टेंबर," मागून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. तिनं खोकं टेबलावर ठेवलं.

"माद्या कधी गोळा केल्यास?" तिनं युवराजला विचारलं.

"सकाळी."

"सकाळी म्हणजे किती वाजता?"

"सकाळी म्हणजे सकाळी. उलटतपासणी आहे का ही?"

"तुझी सकाळ अकराला होते. बाटल्या रात्रभर कुठे होत्या?"

"मुद्दा भरकटवू नकोस," सर म्हणाले.

"हाच मुद्दा आहे, सर. या त्याच्याच कुप्या आहेत, त्याच्याच हिरव्या पट्टीच्या. माद्यांचे डोळे गोल आहेत. भेसळ बापाच्या वाणात झाली असती, तर बापांचे डोळेही गोल निघाले असते. बाप मी पाहिले. सगळे अरुंद डोळ्यांचे आहेत. कोणीही येऊन बघा."

मायक्रोस्कोप तिथेच, कोपऱ्यातल्या टेबलावर होता. कोणी उठलं नाही. युवराज पडद्याकडे बघत राहिला. बाकीच्यांना एकदम आपापल्या वह्यांत काहीतरी सापडलं. शेवटी खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि सर उठले.

ते बराच वेळ वाकून बघत होते. कुंचल्यानं एकेक माशी उलटवून बघत होते. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनीही हेच केलं होतं आणि हात विसरला नव्हता.

"किती कुप्या पाहिल्यास?"

"सगळ्या."

"हं."

ते जागेवर येऊन बसले. "माद्यांची आधीच गाठ पडलेली होती. पुन्हा करावं लागेल." मग युवराजकडे बघून, "होतं असं."

पाच मिनिटांपूर्वी तिच्या बाबतीत ती भेसळ होती. त्याच्या बाबतीत होतं असं. खोलीत कोणालाही यात काही वावगं वाटल्याचं दिसलं नाही.

"आता पुढचं," सर म्हणाले. "तू लवकर येतेसच. माद्या तू गोळा कर आणि त्याला दे. यंत्रावर तो लावेल. परीक्षकांना मी मुदत वाढवून मागतो. उठा."

बाहेर कॉरिडॉरमध्ये युवराजनं तिला गाठलं. "सगळ्यांसमोर करायची काय गरज होती? मला आधी सांगितलं असतंस तर?"

"मेल सगळ्यांना होता."

"तू अशीच वागत राहिलीस ना, तर कोणी तुझ्याबरोबर काम करणार नाही."

"आत्ता कोण करतंय?"

तो काहीतरी पुटपुटला आणि कॉफी घ्यायला गेला. 'तुम्हा लोकांचं' एवढे दोन शब्द तिला नीट ऐकू आले. तिसरा आला नाही, पण तिसरा शब्द काय असतो हे तिला शाळेपासून पाठ होतं.

दुपारी तिची मुलाखत ठरलेली होती. शिक्षणशास्त्राच्या विभागातल्या एक बाई अल्पसंख्य समाजांतून आलेल्या विज्ञान संशोधकांची व्यावसायिक ओळख आणि यश यांवर अभ्यास करत होत्या. पंखा बंद असलेल्या एका वर्गात त्यांनी टेबलावर रेकॉर्डर ठेवला, पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली आणि प्रेमानं हसल्या.

"मी एकेक वाक्य वाचते. एक ते पाच आकड्यांत सांगायचं. पाच म्हणजे पूर्ण सहमत. 'मी स्वतःला वैज्ञानिक मानते.'"

"पाच."

"वा. 'माझे सहकारी मला वैज्ञानिक मानतात.'"

"शून्य आहे का?"

"एकपासून सुरू होतं."

"मग एक लिहा. पण जास्त होतंय."

बाईंनी एक लिहिलं. "'माझ्या विभागात मला आपलेपणा वाटतो.'"

"कोणाबद्दल?"

"म्हणजे सर्वसाधारणपणे."

"माश्यांबद्दल वाटतो."

"तुम्ही चेष्टा करताय," बाई म्हणाल्या. अजून हसत होत्या, पण आधीपेक्षा कमी. "बरं, मोकळे प्रश्न घेऊ. इथवर यायला तुम्हाला कशाची मदत झाली? मार्गदर्शक, कुटुंब, आत्मविश्वास?"

"लवकर उठण्याची."

"आणि तुमच्या दृष्टीनं यश म्हणजे काय?"

"पेपरवर पहिलं नाव."

"थोडं व्यापक अर्थानं विचारतेय मी."

"व्यापक अर्थाचं तुम्ही लिहा. मला पहिलं नाव पुरे आहे."

बाईंनी रेकॉर्डर बंद केला. "राग मानू नका, पण तुम्ही फार कडवट बोलता. आधीच्या दोन मुली किती छान बोलल्या."

"त्यांचे पेपर आले असतील."

ती उठली. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की 'पहिलं नाव' हे शब्द तिनं आज दुसऱ्या माणसासमोर मोठ्यानं उच्चारले होते, आणि ज्या माणसासमोर उच्चारायला हवेत तो एक मजला खाली बसलेला होता. ती त्याच मजल्यावर थांबली आणि दार वाजवलं.

"बोल," सर मान वर न करता म्हणाले.

"माद्या मी गोळा करीन, सर. संकर मी करीन, धक्का मी देईन, डोळे बघून मोजीनही मीच. पण मग पहिलं नाव माझं."

आता त्यांनी मान वर केली. "अटी घालतेस?"

"काम सांगतेय."

"जनुक त्यानं शोधलं."

"जनुक नमुन्यात होतं. नमुना माझा होता. आणि नमुन्यात जे आहे ते खरं आहे, हे दाखवणारा प्रयोग त्याला जमला नाही."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाटल्या रात्रभर बाहेर होत्या, हे तुला आज कळलं की तेव्हाच?"

"तेव्हा दिसल्या होत्या."

"आणि तू गप्प बसलीस. तीन आठवडे. परीक्षकांची मुदत चालू असताना."

"मागच्या वर्षी त्याच्या मोजणीबद्दल मी मीटिंगमध्ये बोलले होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, तुझं काम स्टॉक, प्रयोगात नाक खुपसू नकोस. मी नाही खुपसलं."

"म्हणजे सूड."

"म्हणजे सूचनेचं पालन."

"तुम्हा लोकांना इथवर आणायला संस्थेनं काय खस्ता खाल्ल्यात, कल्पना आहे तुला?" सरांचा आवाज चढला नव्हता. उलट उतरला होता. "शिष्यवृत्ती, वसतिगृह, कॅलेंडरं. आणि वर ही भाषा."

"प्रवेशपरीक्षेच्या यादीत मी त्याच्या वर होते, सर."

"त्या यादीचा इथे काय संबंध?"

"शिष्यवृत्तीचा जेवढा आहे तेवढाच."

खिडकीबाहेर कोणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं. तीनदा खोकून ती बंद पडली. सर त्या आवाजाकडे लक्ष असल्यासारखे बसले होते.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर माद्या तो गोळा करेल. आणि सोमवारपासून कुप्या पाळीनं बदलायच्या, भिंतीवर लिहिलंय तसं. माझ्या वाट्याला येईल ती फळी मी बदलीन."

"बाकीचे विसरतील. वाण मरतील."

"हो."

"ही धमकी आहे."

"नाही सर. खाद्याची मुदत आहे."

सर जा म्हणाले नाहीत, थांब म्हणाले नाहीत. शेवटी तीच बाहेर पडली.

तासाभरानं लॅबमधल्या सगळ्यांना मेल आला. 'माद्या गोळा करणं, संकर, प्रयोग आणि मोजणी हे काम तिच्याकडे राहील. आकडे पहिल्या निष्कर्षाशी जुळल्यास लेखकांच्या क्रमाचा फेरविचार करण्यात येईल.' ताकाला जाऊन भांडं लपवायचं, असलं हे वाक्य होतं. तिनं ते तीनदा वाचलं आणि उत्तर लिहिलं. 'फेरविचार म्हणजे पहिलं नाव माझं, असं मी समजते. तसं नसल्यास आजच कळवावं.' प्रत विभागाच्या प्रबंध समितीच्या अध्यक्षांना. पाठवण्याआधी तिनं 'कळवावं'च्या पुढे 'ही विनंती' घातलं, मग खोडलं.

लॅबमध्ये कोणी तिच्याशी बोललं नाही. युवराजनं आपलं यंत्र प्लॅस्टिकच्या कापडानं झाकलं आणि कापडाच्या चारही कडा टेबलाला चिकटवल्या. वापरू नको असं त्यानं तोंडानं म्हटलं नाही. तिला ते वापरायचंही नव्हतं. रबराचा तुकडा, घड्याळ आणि मायक्रोस्कोप एवढ्यावर भागत होतं. तिनं चार बाटल्या घेतल्या, प्रत्येकीतल्या मोठ्या झालेल्या सगळ्या माश्या अल्कोहोलच्या भांड्यात झटकल्या, एकही मागे राहिली नाही ना हे उजेडासमोर धरून पाहिलं आणि बाटल्या थंड कपाटात ठेवल्या.

घरी जाताना ती वडिलांच्या दुकानात थांबली. ते एका गिऱ्हाइकासाठी काच कापत होते. ते काम होईपर्यंत ती बाजूला उभी राहिली. मग तिनं दिवसभराचं सांगितलं, चार वाक्यांत.

"सरांना असं बोललीस?" ते म्हणाले.

"हो."

"तोंडावर?"

"मग कुठे बोलणार, बाबा?"

"अगं, मोठी माणसं ती. पाच वर्षं काढलीस, आणखी थोडं गप्प राहून पदरात पाडून घ्यायचं. उद्या जाऊन माफी माग. चुकलं म्हण. म्हणायला काय जातं?"

"पहिलं नाव जातं."

"नाव, नाव. नाव घेऊन काय चाटायचंय?" त्यांनी हातमोजे काढून फळीवर टाकले. "तू तिथे भांडलीस की त्या लोकांना बरंच वाटेल. म्हणतील, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? तुझ्यानंतर आपल्यातली कोणी गेली, तर तिला दारातच उभी करतील."

हे तिनं दिवसभर ऐकलेल्या सगळ्यापेक्षा जास्त लागलं, कारण ते खोटं नव्हतं. पाठीमागच्या भिंतीवर ती स्वतः होती, निळ्या पाण्यासकट, आणि तिकडे तिनं पाहिलं नाही.

"चहा घेतेस?" हातमोजे उचलत त्यांनी विचारलं.

"नको. कपड्यांना वास आहे. आत्या ओरडेल."

तेवढ्यात फोन वाजला. सरांचं उत्तर होतं. 'ठीक. आकडे आले तर.' सही नाही, पुढे काही नाही. अध्यक्षांचं नाव मात्र प्रतीच्या रकान्यात तसंच होतं. त्यांनी ते काढलं नव्हतं.

"काय म्हणतात?" वडिलांनी विचारलं.

"ठीक म्हणतात."

"म्हणजे झालं?"

"आकडे आले तर."

"आणि नाही आले तर?"

"तर तुम्ही म्हणता तसं. माफी मागायला मोकळी."

ते हसले नाहीत. तीही हसली नाही. त्यांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, उरलेलं तिनं ओढलं, आणि दोघं घराकडे चालू लागले.

उद्या रविवार आहे. रविवारी इमारतीचं मुख्य दार नऊला उघडतं आणि तोवर थंड कपाटातल्या माद्या वेगळ्या करायला उशीर झालेला असेल. मागचं दार सफाईवाल्या बायकांसाठी साडेसहाला उघडतं. ती त्या दारानं आत जाणार आहे.